हवा कुठून पिते

सेलूच्या रेल्वे फाटकापाशी
गाडी उभी केली की इंजिन आपोआप चढायचं.
पाय ऍक्सिलरेटरवर नाही, तरी वर जायचं,
खाली यायचं, पुन्हा वर,
मग एक हिसका देऊन गप्प.
मागं अकरा लेकरं, दप्तरं, कुणाचातरी सांडलेला डबा.
"मावशी, गाडीला धाप लागली,"
पहिलीतली मेहजबीन म्हणाली.
त्या आठवड्यातलं तेवढं एकच निदान बरोबर होतं.

बाकीच्यांनी आपापलं सांगून पाहिलं.
पंपावरचा म्हणला, प्लग.
दीर म्हणले, बाईमाणसानं क्लच दाबून दाबून गाडी खाल्ली.
जिंतूर रोडवरच्या पोरानं कार्बोरेटर खोलून धुतला,
चौदाशे घेतले,
वर मला चहा पाजला.
गाडी तशीच.

शेवटी जिनिंगच्या मागं, खाजामियाँच्या पत्र्याखाली.
सीट उचलून बाजूला ठेवली.
ओम्नीचं इंजिन आपल्या बुडाखाली असतं
हे माणूस विसरतो,
चैत्र-वैशाख सोडून.

त्यांनी खिशातून नळी काढली, हातभर, काळी.
एक टोक कानाला,
दुसरं धडधडत्या लोखंडावरून फिरवत राहिले.
हेच खाजामियाँ पूर्वी रस्त्यावरून येणारी गाडी ऐकून
ओट्यावरूनच सांगायचे, टॅपेट वाजतंय.
आज नळी फिरली. थांबली. परत फिरली.
कान बदलला.
मग माझ्याकडं न बघता नळी पुढं केली.
"तुम सुनो. मेरेकू अब शीटी नै आती."

आधी नुसता गलका.
पंखा, पट्टा, माझीच छाती.
मग त्या सगळ्याच्या आत, बारीक,
दातात सुपारी अडकल्यावर
माणूस हवा ओढतो तसं काहीतरी.
"इथं," मी म्हणलं, "दोन आणि तीनच्या मधी. खालून."
त्यांनी तिथं क्लीनरचा एकच फवारा मारला
आणि इंजिन क्षणभर
शहाण्यासारखं चाललं.
"हौ. चोरीची हवा पिते.
कार्बोरेटरकू बिना पूछे."

गार होऊ दिली. असरची नमाज झाली.
पाणी काढलं, नट सोडले,
मॅनिफोल्ड हलवून हलवून सुटला.
जुना गॅस्केट दोन तुकड्यांत आला हातात,
काठाला काळा, मधे नखाएवढी फट.
एवढ्यासाठी मी चौदाशे दिले होते,
आणि दिरांचं ऐकून घेतलं होतं.

परभणीहून बसमधून नवा आला,
कंडक्टरनं दिला, पुडकं फोडलं,
तर चार भोकांचा. भलत्याच गाडीचा.
खाजामियाँ हसले नाहीत, चिडलेही नाहीत.
जाड कागद आणला.
मॅनिफोल्डच्या तोंडाला ग्रीस फासून
कागदावर टेकवला, उचलला.
तीन काळे ओठ उमटले.
मग गोल डोक्याची हातोडी, ठुक ठुक,
काठावर, कागद आपणच तुटेपर्यंत.
लोखंडावर चिकटलेलं जुनं खरवडून काढलं
आणि डोळे मिटून वरून नख फिरवलं.
एका जागी थांबले. पुन्हा खरवडलं.
तिथं मला तर काहीच दिसत नव्हतं.

आवळायचं मधून, मग बाहेर.
थोडं या नटाला, थोडं त्या.
"एक कोनेकू लाड करे तो
दूसरा उठके बैठता."
माझ्या हातात पाना होता, त्यांचा हात माझ्या मनगटावर,
बस म्हणायची वेळ त्यांना मनगटावरून कळायची.

किल्ली फिरवली.
त्यांनी स्टीलचा ग्लास भरून इंजिनच्या झाकणावर ठेवला
आणि पाण्याकडं बघत बसले.
पाणी थरथरत होतं, पण एकाच चालीनं.
"सुनो," म्हणाले. "शीटी आती क्या?"
मी नळी लावली. दोन आणि तीनच्या मधी,
वरून, खालून, चांगला वेळ.
"नै आती."
"मेरेकू भी," खाजामियाँ म्हणाले,
ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं,
साडेतीनशे मागितले
आणि नळी परत खिशात ठेवली.